वर्गातील गटकार्य आणि मुलांची सर्जनशीलता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गटकार्याविषयी शिक्षक जे प्रश्न शिक्षण परिषदेत, प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत किंवा वर्गाच्या दारात उभे राहून विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे लिहिताना मराठी माध्यमाचे, मोजक्या साधनांचे आणि मुलांनी भरलेले वर्ग समोर ठेवले आहेत.

मुलांना गटागटाने बसवले की गटकार्य झाले का?

नाही. चार मुले समोरासमोर बसली, एकाने उदाहरण सोडवले आणि तिघांनी ते उतरवून घेतले, तर बैठक तेवढी बदलली. काम एकट्याचेच राहिले. गटाला काम देण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःला एवढेच विचारावे, की हे काम एखाद्या मुलाने एकट्याने तितकेच चांगले केले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर ते खुशाल एकट्याला द्यावे. शुद्धलेखन, पाढे, वाचनाचा सराव ही एकट्याची कामे आहेत आणि ती गटात ओढून आणल्याने कोणाचेच भले होत नाही.

गटाचे काम कसे असते हे पाहायचे असेल, तर दिवाळीतला किल्ला आठवावा. गल्लीतली सहा-सात मुले एकत्र येतात. कोणी दगड-विटांची रास रचतो, कोणी भिजवलेले गोणपाट पसरतो, कोणी चिखल कालवतो. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची हे एकीला माहीत असते, सलाइनच्या नळीतून कारंजे उडवण्याची युक्ती दुसऱ्याला सुचते, आणि भुयार कोठून काढायचे यावर अर्धा तास वाद होतो. बुरूज ढासळला की सगळे मिळून तो पुन्हा उभा करतात. या कामात मोठ्या माणसाने वाटून दिलेले काहीच नसते, तरी प्रत्येकाच्या हाताला काम असते, कारण काम खरोखर एकट्याला न झेपणारे आणि अनेक तऱ्हांनी करता येण्याजोगे असते. वर्गातील गटकार्याची आखणी करताना हे दोन गुण त्यात आहेत का, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.

सर्जनशीलता म्हणजे चित्रकला, नाट्य आणि हस्तकला एवढेच का?

हा समज जुना आहे आणि त्यामुळे गणित, विज्ञान व भूगोलाचे तास विनाकारण कोरडे राहिले आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकी मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष म्हणून केलेल्या भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाकडे झालेल्या दुर्लक्षाकडे लक्ष वेधले, आणि पुढे एका प्रश्नाची अनेक उत्तरे शोधणाऱ्या विचारप्रक्रियेचे विवेचन केले. एलिस पॉल टोरन्स यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत चार गोष्टी पाहिल्या जात : मुलाला किती कल्पना सुचतात, त्या किती वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत, त्यांतील किती इतरांना सहसा सुचत नाहीत, आणि सुचलेली कल्पना मूल किती तपशिलाने फुलवते. या चारही गोष्टी कोणत्याही विषयात दिसू शकतात.

गणितात ‘२४ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या आयताची लांबी-रुंदी काढा’ असे न विचारता ‘चौकटीच्या कागदावर २४ चौकटी व्यापणाऱ्या, एकमेकींसारख्या न दिसणाऱ्या जास्तीत जास्त आकृत्या काढा आणि त्यांतील कोणतीला सर्वांत लांब कुंपण लागेल ते शोधा’ असे विचारले, की तोच घटक सर्जनशील होतो. ‘उत्तर ३६ येईल असे शाब्दिक उदाहरण तयार करा, पण त्यात किमान दोन क्रिया हव्यात’ हे काम तर तिसरीपासून दहावीपर्यंत कोठेही चालते. भाषेत, धड्यातील घटना त्याच घरातील दुसऱ्या माणसाच्या तोंडून सांगायला लावावी. इतिहासात, गावातील जुन्या विहिरीची, बारवेची किंवा वाड्याची माहिती कोणाकोणाला विचारून मिळेल याची यादी गटानेच करावी आणि प्रश्नही गटानेच काढावेत.

एकट्यापेक्षा गटात कल्पना जास्त सुचतात, हे खरे आहे का?

सरसकट खरे नाही, आणि गटकार्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच हे आधी मान्य केले पाहिजे. जाहिरातक्षेत्रात काम केलेल्या अॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी १९५० च्या सुमारास विचारमंथनाची पद्धत लोकप्रिय केली. भरपूर कल्पना मांडा, टीका नंतर करा, दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली कल्पना चढवा, असे तिचे नियम होते. त्यानंतर १९५८ मध्ये येल विद्यापीठात या पद्धतीची परीक्षा घेण्यात आली. एकत्र बसून विचार करणाऱ्या चौघांचा गट आणि वेगवेगळे बसून विचार करणारे चौघे यांची तुलना केली, तेव्हा वेगवेगळे बसलेल्यांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या गटापेक्षा अधिक भरल्या. मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये याच्या कारणांचा शोध घेतला आणि त्यांना आढळलेले मोठे कारण अगदी साधे होते : गटात एका वेळी एकच जण बोलू शकतो. दुसऱ्याचे बोलणे संपण्याची वाट पाहताना स्वतःला सुचलेले विसरते, किंवा आता ते सांगण्यात अर्थ नाही असे वाटू लागते.

आपल्या वर्गात हे रोज घडते. प्रश्न विचारताच पहिल्या बाकावरचा हात वर जातो, उत्तर येते, आणि उरलेल्या चाळीस मुलांचा विचार तेथेच थांबतो. म्हणून माझ्या मते गटकार्यातील सर्वांत मोलाची मिनिटे गट बसण्यापूर्वीची असतात. काम समजल्यावर प्रत्येक मुलाने तीन ते पाच मिनिटे गप्प बसून स्वतःच्या वहीत लिहावे किंवा चित्र काढावे. त्यानंतर शेजाऱ्याशी बोलावे. आणि मगच दोन जोड्या मिळून चौघांचा गट व्हावा. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या ‘विचार करा, जोडीत बोला, सर्वांना सांगा’ या पद्धतीचा गाभा हाच आहे. ही पाच मिनिटे वेळ वाचवण्यासाठी गाळली, की गटात बोलका मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

याच हेतूने कागद फिरवण्याची पद्धतही वापरता येते. प्रत्येकाने कोऱ्या कागदावर एक कल्पना लिहून तो उजवीकडे द्यायचा; हाती आलेल्या कागदावरील कल्पना वाचून तिच्याखाली तिला जोडणारी किंवा तिच्यातून सुचलेली नवी कल्पना लिहायची. चार फेऱ्या झाल्या की गटाकडे चार कागद आणि सोळा नोंदी होतात, आणि वर्गात कधीही तोंड न उघडणाऱ्या मुलीच्याही चार नोंदी त्यांत असतात.

गटात किती मुले असावीत?

चार. तीन चालतील, पाच नाइलाज म्हणून चालतील. सहा किंवा आठ मुलांच्या गटात दोघे-तिघे प्रेक्षक होतात. फ्रेंच कृषी-अभियंते मॅक्स रिंगलमान यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांत पाहिले, की माणसे वाढत जातात तसा प्रत्येकाचा जोर कमी होत जातो. त्यांचे हे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९७९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बिब लाटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टाळ्या वाजवण्याच्या व ओरडण्याच्या प्रयोगांतही तेच आढळले. रस्सीखेच शिकवलेल्या क्रीडाशिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू केला आणि जो पुढे २००२ पर्यंत चालला, त्यातही सरकारी शाळांतील मुले चार-चार जणांच्या टोलीत प्रयोग करत, निरीक्षणे नोंदवत आणि निष्कर्षावर चर्चा करत. साधने थोडी आणि मुले पुष्कळ अशा भारतीय शाळेत चौघांचा गट चालतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही.

गट कसे पाडावेत? हुशार मुलांचा वेगळा गट करावा का?

हुशार आणि कच्ची अशी विभागणी करू नये. मुलांना आपण कोणत्या गटात आहोत हे पहिल्याच दिवशी कळते, गटाला ‘गुलाब’ नाव दिले तरी कळते. हजेरी क्रमांकाने गट पाडणे सोपे असते, पण वर्षभर तेच चौघे एकत्र राहतात. तीन ते चार आठवडे एक गट ठेवावा आणि मग बदलावा. त्याहून लवकर बदलल्यास मुलांना एकमेकांची सवय होत नाही. नवीन गट करताना प्रत्येक मुलाचा निदान एक सवंगडी त्यात असेल असे पाहावे, कारण ओळखीचे माणूस जवळ असले की चुकीचे बोलण्याची भीती कमी होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. अनेक गावांत मुले वस्तीनुसार बसतात. एका वाडीची, एका समाजाची मुले एका रांगेत, आणि शिक्षकाला ते सवयीने दिसेनासे होते. गट शिक्षकाने जाणीवपूर्वक पाडले नाहीत, तर गावातील रेषा वर्गातील गटांतही उमटतात. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवल्यावर तणाव निर्माण झाला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी तुकडे जोडण्याची पद्धत आखली. धड्याचे जितके भाग, तितकी गटातील मुले. प्रत्येकाकडे एकच भाग आणि तो इतरांना समजावून देण्याची जबाबदारी. ज्याला आपण एरवी बोलावत नाही त्याच्याकडेच आपल्याला हवा असलेला तुकडा आहे, हे मुलांना कळले की त्याचे ऐकावे लागते. नदी, तिचे खोरे, तिच्यावरील धरण आणि काठची पिके असे चार भाग करून ही पद्धत सहज वापरता येते. मात्र तुकडे जोडून झाल्यावर ‘या नदीला दहा वर्षे पाऊसच मिळाला नाही तर काय काय बदलेल?’ असा पुढचा प्रश्न दिला, तरच ती माहितीच्या देवाणघेवाणीपलीकडे जाते.

एकच मूल सगळे काम करते आणि बाकीची गप्प बसतात. काय करावे?

प्रथम आपण नेमलेला गटप्रमुख पाहावा. बहुतेक वर्गांत तो तोच असतो जो वर्गप्रमुखही असतो, आणि गटाचे काम म्हणजे त्याचे काम अशी सर्वांची समजूत असते. कायमचा गटप्रमुख नेमू नये. त्याऐवजी सामान आणणारा, नोंद ठेवणारा, वेळ पाहणारा आणि ‘हे असेच का?’ असे विचारणारा अशी चार कामे ठेवावीत आणि ती प्रत्येक वेळी फिरवावीत. चौथे काम मुलांना सर्वांत अवघड जाते व सर्वांत आवडतेही.

दुसरा उपाय साहित्याचा आहे. गटाला चार कात्र्या दिल्या तर चार मुले चार वेगळी कामे करतात. एक कात्री, एक गोंदाची बाटली आणि एक मोठा कागद दिला, की बोलावेच लागते. तिसरा उपाय असा, की सादरीकरण कोण करणार हे आधी सांगू नये. शेवटी चिठ्ठी काढावी. ज्याच्या नावाची चिठ्ठी येईल त्याला सांगता आले पाहिजे, हे माहीत असले की गट स्वतःहून गप्प मुलाला समजावू लागतो. अतिशय बुजऱ्या मुलांना मात्र चिठ्ठीची धास्ती बसते, म्हणून ‘सोबत एकाला घेऊन ये’ अशी मुभा ठेवावी.

गटात भांडणे होतात. गट मोडावा का?

कल्पनेवरून वाद होत असेल तर अजिबात मोडू नये. तो वाद कामाचाच भाग आहे. दोन कल्पनांपैकी एक निवडता येत नसेल, तर दोन्ही लहान प्रमाणात करून पाहायला सांगावे. चिडवणे, घरावरून किंवा रूपावरून बोलणे सुरू झाले, तर काम थांबवून शिक्षकाने तेथे स्वतः बसले पाहिजे, आणि त्या वेळी काम अपुरे राहिले तरी चालेल.

पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत हे बसते का? एक उदाहरण द्याल का?

एका तासिकेत बसवण्याचा आग्रह धरू नये; सलग दोन तासिका घ्याव्यात. चौथीच्या परिसर अभ्यासातील पाण्याच्या घटकावरचे हे एक उदाहरण पाहा.

शाळेच्या नळाखाली पाणी साचून चिखल होतो, असे समजू. पहिल्या तासिकेला मुलांनी दहा मिनिटे नळाजवळ जाऊन फक्त पाहायचे आणि दिसेल ते लिहायचे. उपाय अजून कोणी बोलायचा नाही. हा नियम पाळणे मुलांना जड जाते, तरी तो पाळावा, कारण उपाय आधी सुचला की पाहणे थांबते. वर्गात आल्यावर पाच मिनिटे एकट्याने विचार, पाच मिनिटे जोडीत बोलणे, आणि मग चौघांच्या गटाला काम : ‘या पाण्याचे काय करता येईल याच्या निदान आठ कल्पना लिहा. त्यांतील एक अशी हवी, की जी ऐकून दुसरा गट म्हणेल, हे कसे शक्य आहे!’ पहिल्या तीन-चार कल्पना बहुधा सगळ्यांच्या सारख्या असतात. शोषखड्डा, केळीचे रोप, झाडाकडे नेणारा पाट, नळ नीट बंद करण्याची पाटी. आठचा आकडा त्यासाठीच आहे, कारण ओळखीच्या कल्पना संपल्यावर पाचव्या-सहाव्यापासून मुले खरी विचार करू लागतात. नळाला नवीन वायसर बसवावा हे कोणाला तरी सुचते. नळाखाली बादली ठेवून तासाभरात किती पाणी गळते ते आधी मोजू, म्हणजे सरपंचांना सांगता येईल, असे एखादी मुलगी सुचवते. ही कल्पना पाटापेक्षा कितीतरी पुढची आहे आणि ती ओळखून तिच्यावर थांबणे हे शिक्षकाचे काम आहे.

दुसऱ्या तासिकेला प्रत्येक गटाने एक कल्पना निवडायची. येथे एक अट घालावी : खर्च ५० रुपयांच्या वर जाता कामा नये आणि जे वापराल ते गावात मिळाले पाहिजे. अट नसली की मुले मोठ्या टाकीचे आणि पंपाचे चित्र काढून मोकळी होतात; अट आली, की फुटके कौल, सायकलची जुनी ट्यूब, पन्हाळीचा तुकडा आठवू लागतो. मातीच्या ढिगावर लहान नमुना करून त्यावर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाणी भलतीकडे गेले, तर ते का गेले हे वहीत लिहून नमुना बदलावा. या दोन तासिकांत पाण्याचा उतार, मुरणे, मापन आणि सार्वजनिक जबाबदारी हे घटक शिकवून होतात, शिवाय नळाखालचा चिखलही खरोखर कमी होतो.

अभ्यासक्रम वेळेत पूर्ण कसा होणार? शेवटी मुलांना परीक्षाच द्यायची आहे.

प्रत्येक धडा गटकार्याने शिकवण्याची गरज नाही. एका घटकात एकदा, नीट आखून केलेले गटकार्य पुरते. माध्यमिक शिक्षकांनी दहावीची मराठीची कृतिपत्रिका पुन्हा पाहावी; तिच्यात स्वमत आणि उपयोजित लेखन आहे, आणि ज्या मुलाने वर्गात आपले मत कधी मांडलेच नाही ते मूल तेथे मार्गदर्शकातले पाठ केलेले परिच्छेद उतरवते.

मुले काम करत असताना शिक्षकाने काय करावे?

सर्वांत आधी, गटात शिरण्याची घाई करू नये. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात असे दिसले. तीन सेकंद किंवा त्याहून अधिक थांबल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण वर्गात उभे राहून मनातल्या मनात मोजून पाहिले की ते किती लांब आहेत हे कळते. गटकार्यात ही शांतता आणखी वाढवावी लागते. गट अडला आहे असे दूरून दिसले तरी दोन मिनिटे थांबावे.

जवळ गेल्यावर मुलांच्या उंचीवर बसावे आणि उत्तर न देता विचारावे. ‘तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिले?’, ‘याच्या उलट केले तर?’, ‘ज्याला दिसत नाही अशा माणसाला हे कसे वापरता येईल?’ असे प्रश्न उपयोगी पडतात. ‘मला काय अपेक्षित आहे ते ओळखा’ हा आपल्या अनेक प्रश्नांमागे दडलेला प्रश्न मात्र टाळावा, कारण मुले तो फार चटकन ओळखतात आणि मग शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून उत्तरे देतात.

शाबासकीबाबतही जपावे लागते. पहिल्या फेरीतच एका गटाला मोठ्याने ‘वा, फारच छान!’ म्हटले, की दहा मिनिटांत आजूबाजूच्या गटांत तीच कल्पना थोड्या फरकाने दिसू लागते. त्याऐवजी जे दिसले ते तेवढेच सांगावे : ‘तुम्ही तिन्ही बाजूंनी पाणी अडवले आहे, चौथी मोकळी ठेवली आहे.’ मुले स्वतःच ठरवतात की ती मोकळी का आहे.

बाके जड आहेत आणि वर्गात पन्नासच्या वर मुले आहेत. जागा कोठून आणावी?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ३० आणि सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण आहे, पण प्रत्यक्षात अनेक शहरी तुकड्या त्याहून मोठ्या असतात. बाके हलवू नयेत. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बाकावरच्या मुलांनी मागे तोंड करून बसावे, म्हणजे समोरासमोरच्या दोन बाकांवर चौघांचा गट तयार होतो. अर्धे गट व्हरांड्यात किंवा झाडाखाली, अर्धे वर्गात, अशी पाळी लावली तरी चालते. पन्नास मुलांत बारा-तेरा गट होतात आणि सर्वांचे सादरीकरण एका तासिकेत होणे अशक्य असते, म्हणून कागद भिंतीवर लावून मुलांना फिरून पाहू द्यावे आणि प्रत्येक कागदाखाली एक प्रश्न लिहू द्यावा.

गोंगाटाची तक्रार येते. मुख्याध्यापकांना काय सांगावे?

बारा गट बोलत असताना आवाज होणारच. थांबण्याची एक खूण वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून घ्यावी. शिक्षकाने हात वर केला, की पाहणाऱ्याने बोलणे थांबवून आपलाही हात वर करायचा. शेजारच्या वर्गात चाचणी असेल तो दिवस टाळावा, हा साधा शेजारधर्म आहे. मुख्याध्यापकांना एकदा वर्गात बोलावून एका गटाजवळ दहा मिनिटे बसवावे. कायद्याचे बोलायचे झाले, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृतीतून व शोधातून शिकणे आणि मुलाला भयमुक्त वातावरणात आपले मत मोकळेपणाने मांडू देणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

घरी वेगळी भाषा बोलणारी मुले गटात मागे पडतात. त्यांच्यासाठी काय करावे?

पावरी, कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणारे मूल मराठीत अडखळते, तेव्हा त्याला कल्पना सुचत नाही असा निष्कर्ष काढणे हा त्याच्यावर अन्याय आहे. गटातली चर्चा मुलांना त्यांच्या भाषेत करू द्यावी आणि मराठी शेवटच्या सादरीकरणापुरती ठेवावी. तेथेही दोन भाषांतले शब्द शेजारी लिहिले तर वर्गाचा शब्दसंग्रह वाढतो. एका भाषेची निदान दोन मुले एका गटात ठेवावीत. ऊसतोडीच्या हंगामात मधूनच येणाऱ्या मुलांना तयार गटात घुसवण्याऐवजी नवीन काम सुरू होताना सामील करून घ्यावे, आणि त्यांनी पाहिलेले फड, कारखाने, वेगवेगळे जिल्हे हे गटाचे भांडवल आहे हे वर्गाला दिसेल असे काम निवडावे. चित्र, माती, अभिनय, मोजमाप यांतून मांडता येणारी कामे ऐकण्यात किंवा वाचण्यात अडचण असलेल्या मुलांनाही सोयीची पडतात.

आमची शाळा द्विशिक्षकी आहे आणि एका वर्गात दोन-तीन इयत्ता बसतात. येथे गटकार्य शक्य आहे का?

तेथे ते अधिक सोपे आहे. दिवाळीचा किल्ला करणारी मुले कधीच एका वयाची नसतात. मिश्र वयाच्या गटात धाकटी मुले भलतेच प्रश्न विचारतात आणि थोरल्यांना ते समजावताना स्वतःचा विचार नीट करावा लागतो. थोड्या अधिक जाणत्याच्या सोबतीने मूल एकट्याने जमले नसते ते करू शकते, हे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांचे म्हणणे अशा वर्गात रोज प्रत्ययाला येते. फक्त थोरले धाकट्यांना नुसते रंग भरायला लावत नाहीत ना, हे पाहावे.

ही पद्धत परदेशातून आलेली आणि आपल्याकडे नवीन आहे का?

वर काही परदेशी संशोधने सांगितली, कारण त्यांत मोजमाप झाले आहे. काम मात्र येथे फार पूर्वीपासून चालू आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्या साथीने बोर्डी व कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळाच पाड्यावर आणि गुरे चारायच्या कुरणात नेली. शिंपले, पाने, बिया, माती हे तेथील शैक्षणिक साहित्य होते. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या शाळेचे नावच ‘सृजन-आनंद’ आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांचे ज्ञानरचनावादी, म्हणजे मुले स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतात असे मानणारे वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. यांपैकी कोणाकडेही महागडी साधने नव्हती.

गटकार्याला गुण कसे द्यावेत? सर्वोत्तम गटाला बक्षीस द्यावे का?

बक्षीस देऊ नये. मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलींना चिकटचित्रे करायला दिली होती. ज्यांना उत्तम चित्रांना बक्षीस मिळेल असे आधी सांगितले, त्यांची चित्रे बक्षिसांची सोडत निघेल असे सांगितलेल्या मुलींच्या चित्रांहून कमी सर्जनशील ठरली. आपल्याला हे स्नेहसंमेलनाच्या आणि प्रदर्शनांच्या निमित्ताने दिसतच असते. स्पर्धा जाहीर झाली, की गेल्या वर्षी ज्याला पहिला क्रमांक मिळाला होता त्याचीच सुधारित आवृत्ती होते, आणि ज्वालामुखीचा तोच नमुना पुन्हा एकदा धूर सोडतो.

गुणांचा भाग टाळता येत नाही. राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्याच्या आकारिक, म्हणजे शिकता-शिकता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या भागात निरीक्षण, उपक्रम, प्रकल्प ही साधने आहेत आणि गटकार्य, स्वयंमूल्यमापन व सहाध्यायी मूल्यमापन यांनाही जागा आहे. सगळ्या गटाला एकच गुण देणे अन्यायाचे होते, म्हणून एका वेळी दोनच गटांचे बारकाईने निरीक्षण करून प्रत्येक मुलाची एक वर्णनात्मक नोंद करावी. ‘गटात सहभागी होतो’ ही नोंद कोणालाही लागू पडते आणि म्हणून कोणाच्याच उपयोगाची नसते. ‘दुसऱ्याची कल्पना अर्धवट वाटल्यावर ती न सोडता तिला नळीची जोड दिली’, ‘आपली कल्पना मागे पडल्यावरही शेवटपर्यंत काम केले’ अशा नोंदींतून पुढच्या शिक्षकाला त्या मुलाची ओळख होते. शेवटी मुलांनी तीन वाक्ये लिहावीत : मी काय सुचवले, दुसऱ्याचे काय घेतले, आणि पुन्हा केले तर काय बदलेन.

पालक म्हणतात, शाळेत नुसता खेळ चालतो.

त्यांची काळजी खरी आहे, कारण घरी वही कोरी दिसते. गटकार्याच्या दिवशी मुलाच्या वहीत त्याचा एकट्याचा विचार आणि शेवटची तीन वाक्ये लिहिलेली असतील, तर पालकांना काहीतरी वाचायला मिळते. पालकसभेत भाषणाऐवजी पालकांनाच चौघांचा गट करून तोच नळाचा प्रश्न द्यावा.

गट मोबाइलवर शोधून तयार कल्पना आणतात. थांबवावे का?

शोधायला हरकत नाही, पण स्वतःचे पाच मिनिटांचे लेखन झाल्यानंतर. काम गावातील ठिकाणाविषयी, माणसांविषयी आणि मोजमापांविषयी असेल, तर तयार उत्तर मिळतच नाही.

मुलांनी केलेल्या कामाचे पुढे काय करावे?

ते कोणीतरी पाहणार आहे हे माहीत असल्यावर मुले वेगळ्या तऱ्हेने काम करतात, म्हणून कागद कपाटात घालू नयेत. भित्तिपत्रक दर पंधरा दिवसांनी बदलावे आणि त्यावर अयशस्वी नमुनेही ‘हे का जमले नाही’ या नोंदीसह लावावेत. पाण्याचे मोजमाप ग्रामपंचायतीला पत्रासोबत द्यावे व आलेले उत्तर वर्गात वाचून दाखवावे. वर्षाच्या शेवटी निवडक कामांचे हस्तलिखित करावे. संपादन, मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, शिवण ही कामे पुन्हा गटांनाच द्यावीत, आणि तयार झालेला अंक शाळेच्या वाचनालयात अशा फळीवर ठेवावा, की जेथे पुढच्या वर्षी येणाऱ्या चौथीच्या मुलांचा हात पोहोचेल.